कासववाला सेनापती

रविवारी जंगू पाटलांच्या घरी लग्नाची तारीख धरायला जायचं होतं, आणि बुधवारी संध्याकाळी जेवताना रुखमाबाईनं जाहीर केलं की आपण त्या घरचं पाणी पिणार नाही. अतुलच्या हातातला घास हातातच राहिला. लग्न त्याचं होतं. मुलगी जंगू पाटलांची नात दीपिका होती, आणि तिच्यावाचून दुसरी कुठलीही मुलगी त्याला नको होती.

"काऊन आजी? पाटलानं काय केलं?"

"आपल्या पोराले जहर देल्लं," रुखमाबाई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत ताटावरून उठली.

घरात जहर खाल्लेलं कुणीही नव्हतं. जे काही झालं होतं ते चीन देशात झालं होतं, तेही राजेरजवाड्यांच्या काळात. जहर प्यायलेला सेनापती समोरच्या टीव्हीवर ओठाच्या कोपऱ्यातून रक्त येऊन आडवा पडला होता. पेनड्राइव्हमधले भाग तिथंच संपत होते, त्यामुळे त्याला उठवायलाही कुणी येईना.

यात दोष द्यायचाच तर अतुलला द्यावा लागेल. हात दाखवून अवलक्षण त्यानंच करून घेतलं होतं. जिवतीहून गडचांदूरला तो काळीपिवळी चालवायचा. दिवसभर पॅसेंजरशी तोंडाचा पट्टा सुरू असायचा, पण साक्षगंध झाल्यावर दीपिकाचा फोन आला की त्याची वाचाच बसे. कापूस किती निघाला हे विचारून झालं की पुढे काय विचारावं ते त्याला सुचत नसे. शेवटी दीपिकालाच त्याची दया आली. ती म्हणाली, मी एक चिनी मालिका पाहते, हिंदीत आहे, तुम्हीही पाहा, म्हणजे बोलायला काहीतरी होईल. अतुलच्या पाड्यावर नेटवर्क नव्हतं. म्हणून तो गडचांदूरच्या स्टँडवर मालिकेचे भाग उतरवून घ्यायचा आणि रात्रीच्या ऐवजी, म्हातारी जागी असताना, दिवेलागणीला घरच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बसायचा. ती त्याची दुसरी चूक.

रुखमाबाई म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. गोंडांची घराणी देवांच्या संख्येवरून ओळखली जातात, कुणी चार देवांचे, कुणी सहा, कुणी सात. एका संख्येचे ते सगळे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. कोणतं घराणं किती देवांचं, कुणाच्या कुळात कोणतं झाड तोडत नाहीत, कोणतं जनावर मारत नाहीत, हे सगळं रुखमाबाईला तोंडपाठ होतं. डोंगरात कुठेही लग्न जुळायचं असलं की लोक आधी तिच्या अंगणात येऊन बसायचे. तिनं मान हलवली की काम झालं. आजवर तिचं सांगणं खोटं ठरलं नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी तिनं मालिकेकडे पाठच केली होती. लांब केसांचे, डोक्यावर बुचडा बांधलेले बाप्ये पाहून मात्र ती जरा वळली. आमचा आजा असाच बुचडा बांधायचा, असं म्हणाली आणि सूप घेऊन टीव्हीसमोर येऊन बसली. थोड्या वेळानं सेनापतीची फौज आली. घोडे आले, भाले आले, आणि सगळ्यांच्या पुढे काळं निशाण आलं.

"थांबव," रुखमाबाई म्हणाली.

अतुलनं चित्र थांबवलं. निशाणावर भलंमोठं कासव होतं. रुखमाबाईनं सूप बाजूला ठेवलं, जवळ जाऊन पाहिलं आणि हात जोडले. त्यांच्या घराण्याचं कासवच होतं. तळ्यात जाळ्यात कासव सापडलं तर त्यांच्यातला माणूस पाया पडून ते सोडून देतो.

"सात देवाचा हाये हा. आपल्याच घरचं पोरगं."

"आजी, तो चीनचा हाये."

"आपले लोक कुठी कुठी गेले, तुले काय मालूम?" रुखमाबाई म्हणाली, आणि तो विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मालिकेत, सेनापतीचं जिच्यावर मन होतं त्या मुलीचा बाप आला. राजाच्या दरबारातला मोठा मंत्री, आणि त्याच्या अंगरख्यावर, अगदी छातीवर, पंख पसरलेला पांढरा पक्षी भरलेला. रुखमाबाईनं पुन्हा चित्र थांबवायला लावलं. बगळा. जंगू पाटलांच्या घराण्यात बगळ्याला दगड मारत नाहीत, हे पाड्यावर सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणजे पाटलांसारखाच मंत्रीही सहा देवांचा, सेनापती सात देवांचा. सोयरीक बरोबर जमत होती. रुखमाबाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

त्यानंतरचे काही दिवस अतुलच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. जंगू पाटलांचं घर रुखमाबाईच्या मनात पहिल्यापासून पुरतं भरलेलं नव्हतं. पाटील जरा ताठ मानेचे, असं तिचं मत होतं. पण मंत्र्याची मुलगी सेनापतीसाठी देवळाच्या पायऱ्यांवर बर्फात उभी राहिली, आणि रुखमाबाई विरघळली. बगळेवाल्यांच्या पोरी मनाच्या चांगल्या असतात, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. दीपिकासाठी तिनं स्वतःच्या चांदीच्या पाटल्या काढून चिंचेनं घासून ठेवल्या. अतुल मनातल्या मनात चीन देशाचे आभार मानू लागला होता.

आणि मग मंत्र्यानं सेनापतीला लग्नाची बोलणी करायला घरी बोलावलं, समोर पेला ठेवला आणि हसत हसत विष पाजलं.

अतुलनं त्या रात्री आजीला हरप्रकारे समजावलं. हे नाटक आहे, तो माणूस नट आहे, तो या घटकेला आपल्या घरी बसून जेवत असेल, असं सगळं सांगून पाहिलं. रुखमाबाईनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"नाटक करनारा बी कोनत्या तरी देवाचाच असते," ती म्हणाली. "सोयऱ्याले घरी बोलावून जहर देनारे लोक. तिथी मी पानी कसं पिऊ? अन् तुले कसं पिऊ देऊ?"

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. नातवाच्या जिवाची तिला काळजी वाटत होती. पुढचा भाग दाखवावा म्हटलं तर तो अजून आलेलाच नव्हता. हिंदीत यायला आठवडा होता.

रविवारचं जाणं रहित झाल्याचा निरोप द्यायला अतुलचे वडील इसरू जिवतीच्या बाजारात गेले. इसरू म्हणजे गरीब गाय. पाटलांकडचा माणूस भेटला, त्यानं कारण विचारलं. आता टीव्हीतल्या मंत्र्यामुळे म्हणून भर बाजारात कसं सांगावं, याची त्यांना लाज वाटली. आमच्या म्हातारीचं म्हणणं आहे की जहराची गोष्ट आहे, एवढंच ते पुटपुटले आणि मिरच्या घेऊन घाईघाईनं घरी आले.

लाजेपायी गाळलेलं ते एक वाक्य बाजारानं आपल्या परीनं भरून काढलं. दुपारपर्यंत बोललं जाऊ लागलं की पाटलांच्या घरी कुणाला तरी जहर झालं. बाजार उठायच्या आत ते पाहुण्याला झालं. रुखमाबाई त्या घरचं पाणी पीत नाही म्हटल्यावर खात्री करायला कुणी थांबलं नाही. दीपिकाची धाकटी बहीण करिश्मा हिला पाहायला पलीकडच्या पाड्यावरून लोक येणार होते. त्यांनी सध्या कापसाची घाई आहे, असा निरोप पाठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जंगू पाटील आपले भाऊबंद घेऊन रुखमाबाईच्या अंगणात हजर झाले. उंच, सडसडीत म्हातारा, पांढरं धोतर, अंगात खिशाची बंडी. खाट टाकली तरी बसले नाहीत. जय सेवा म्हणून नमस्कार केला तोही दुरूनच.

"मी कोनाले जहर देल्लं?" त्यांनी विचारलं. "कवा देल्लं, कुठी देल्लं, इतकं सांग. माह्या नातीचं लग्न मोडाले आलं."

अतुल भिंतीला टेकून उभा होता. आता ही हकिकत उघड होणार, पाटील हसणार किंवा संतापानं निघून जाणार, आणि दोन्हींतून आपलं लग्न काही वाचत नाही, हे त्याला दिसत होतं. रुखमाबाईनं निशाणापासून पेल्यापर्यंत सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. पाटलांच्या भाऊबंदांनी एकमेकांकडे पाहिलं. पाटील मात्र हसले नाहीत. ते हळूच खाटेवर टेकले.

दीपिका रोज फोनवर मालिका पाहायची तेव्हा तिच्या मागे बसून पाटीलही ती पाहत होते, हे अतुलला त्या क्षणी कळलं.

"तो बगळेवाला आमचा, हे मी मानतो," पाटील म्हणाले. "मी बी पायलं. माह्या बी मनाले लागलं. पन एका मानसाच्या करनीनं साऱ्या घराण्याचं पानी बंद करन, हे तुहं चुकलं, रुखमाबाई."

"मंग पंचायत सांगन कोनाचं चुकलं ते."

"बसू दे पंचायत."

पंचायतीला पोचूबुढा हवा. वयानं तो सगळ्यांत मोठा, त्याला दिसायचं कमी आणि ऐकू यायचं त्याहून कमी, पण निवाडा देण्यात त्याचा हात धरणारा डोंगरात दुसरा नव्हता. तो काठी टेकत आला, मोहाच्या झाडाखाली बसला, दोन्हीकडचं ऐकलं आणि म्हणाला की ज्यानं गुन्हा पाहिला नाही त्यानं निवाडा करू नये. तेव्हा टीव्ही बाहेर काढण्यात आला. लाकडी पेटीवर ठेवून, ऊन लागू नये म्हणून वर घोंगडी ताणण्यात आली. अतुलनं विषाचा भाग लावला. पोचूबुढ्यानं तो संपेपर्यंत पाहिला आणि मान हलवली.

"हे शेवट हाये. सुरुवात कुठी हाये? अर्धं पाहून निवाडा होते का?"

झालं. पंचायतीनं मालिका पहिल्या भागापासून पाहायला घेतली.

सकाळी भाकर खाऊन पंच येऊन बसायचे. सोलरची बॅटरी उतरली की कामकाज थांबायचं, ती भरली की पुन्हा सुरू. पोचूबुढा टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायचा, आणि त्याला ऐकू जावं म्हणून मागचा एकजण प्रत्येक संवाद गोंडीत मोठ्यानं सांगायचा. त्यामुळे सेनापतीनं चांदण्यात मंत्र्याच्या मुलीला हळू आवाजात सांगितलेली प्रेमाची गोष्ट साऱ्या पाड्याला ऐकू गेली. बाया सरपण टाकून उभ्या राहिल्या. शेतात कापूस फुटून बोंडांना लोंबत होता, पण इकडे एका माणसाच्या जिवाचा सवाल होता, तेव्हा कापसाचं नाव कोण काढणार? अतुलची काळीपिवळी अंगणात उभ्या उभ्या धुळीनं माखली. रिमोट फक्त त्यालाच वापरता येत होता, म्हणून त्याला जागचं हलता येईना, आणि पाड्यावर रेंज नसल्यामुळे दीपिकाशी बोलताही येईना. दोघा माणसांचा चांदण्यातला संसार पाहायचा आणि आपला मोडताना पाहायचा, असे त्याचे दिवस चालले होते.

जंगू पाटील रोज येत. संध्याकाळी आपल्या गावी परत जात. रुखमाबाईच्या घरचं पाणी तेही पीत नव्हते, बाटली सोबत आणत. आणि गंमत अशी की टीव्ही सुरू झाला की ही दोन भांडकुदळ म्हातारी माणसं एकाच जागी डोळे लावून बसायची. सेनापती जखमी झाला तेव्हा रुखमाबाईच्या आधी पाटलांनी डोळे पुसले, हे अतुलनं स्वतः पाहिलं.

शेवटच्या दिवशी पुन्हा तो पेला आला. सेनापती पडला. पोचूबुढ्यानं बराच वेळ मातीकडे पाहिलं, मग अतुलला तो पेल्याचा तुकडा पुन्हा दाखवायला सांगितला. मग तो बोलू लागला.

"बगळेवाल्यानं सोयऱ्याले घरी बोलावून जहर देल्लं. हे सोयऱ्याचं काम नाई. तो इथी नाई, त्याचा दंड पाटील भरन." पाटलांनी मान खाली घातली. "पन कासववाल्यानं काय केलं? पेला घेतला अन् सरका तोंडाले लावला. पयली धार मातीले देल्ली का? पितरायले देल्ली का? देल्ली असती त माती फसफसली असती, अन् त्याले समजलं असतं. आपली रीत सोडली म्हनून मेला. त्याचा दंड रुखमाबाई भरन."

सगळ्यांच्या नजरा रुखमाबाईकडे वळल्या. आपल्या घरच्या पोरानं रीत सोडली, हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"खरं हाये," ती म्हणाली. "पोरगं परमुलखात वाढलं. कोनं शिकवलं नाई त्याले."

पोचूबुढ्यानं रिवाजाप्रमाणे पाटलांना विचारलं की आणखी काही सांगायचं आहे का. एकदा निवाडा झाला आणि दंडाचा कोंबडा कापला की ती गोष्ट पुन्हा काढायची नसते. पाटलांचा हात बंडीच्या खिशात गेला. तिथं तो थोडा वेळ थांबला. त्यांनी समोर बसलेल्या रुखमाबाईकडे पाहिलं. इतके दिवस उन्हात बसून ती थकली होती आणि पदरानं वारा घेत होती.

"नाई," पाटील म्हणाले, आणि हात रिकामाच बाहेर आला.

दोन्हीकडून एकेक कोंबडा आला, मोहाची दारू आली, आणि सगळ्यांनी पहिली धार मातीला नेहमीपेक्षा जरा जास्तच काळजीनं दिली. माती फसफसली नाही. रुखमाबाई पाटलांच्या हातचं पाणी प्यायली. जहर कुठलं ते सगळ्यांना कळल्यामुळे करिश्माला पाहायला येणाऱ्यांची कापसाची घाईही संपली. लग्न उन्हाळ्यात धरलं. अतुलनं त्या दिवशी कानाला खडा लावला, पेनड्राइव्ह पुसून टाकला, आणि पुढे काय झालं ते शोधायच्या भानगडीत पडला नाही. दीपिकाला त्यानं एकदा विचारलं होतं, पण मी पाहणं सोडलं, असं ती म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा वाटला, पण जुळलेल्या लग्नात शंका कशाला काढा, म्हणून तो गप्प बसला.

लग्न झालं. घासलेल्या पाटल्या दीपिकाच्या हातात गेल्या. चार दिवस नव्या नवरीचे गेले, आणि एका संध्याकाळी रुखमाबाई तिच्याजवळ येऊन बसली. थोडा वेळ तेंदूपत्त्याच्या गोष्टी झाल्या. मग तिनं आवाज खाली आणला. त्या पोराची माती कुणी केली, की तो तसाच पडून राहिला, एवढंच मला कळू दे, असं ती म्हणाली. इतके महिने तिच्या जिवाला तेच लागून राहिलं होतं.

दीपिकानं अतुलकडे पाहिलं. मग उठून आपला फोन आणला आणि त्यात उतरवून ठेवलेला पुढचा भाग लावला.

सेनापती तिरडीवर होता. मंत्री रात्री एकटा आला, त्याच्या तोंडात कसलंसं औषध घातलं, आणि सेनापती उठून बसला. राजाच त्याला मारणार होता. राजाला तो मेलासा वाटावा म्हणून मंत्र्यानं झोपेचं औषध दिलं होतं, आणि जावयाला वाचवलं होतं. सेनापतीनं बगळेवाल्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

रुखमाबाईचं सांगणं कधी खोटं ठरलं नव्हतं. हे पहिलंच.

"तुह्या आज्याले नको सांगू," ती शेवटी हळूच म्हणाली.

"त्यायले मालूम हाये, आजी."

"कवापासून?"

"पंचायतीच्या वक्तापासून. शेवटच्या दिवसाच्या आंधीच हा भाग आला होता. मीच त्यायच्या खिशात फोन देल्ला होता, पंचायले दाखवा म्हनून." दीपिकानं फोन बंद केला. "तसेच वापस आले. म्हनाले, ज्या घरी नात द्याची हाये, त्या घरच्या बाईले भर पंचायतीत खोटं पाडून कसं चालन? मले बी शपथ घातली."

अतुलला तो बंडीच्या खिशात गेलेला हात आठवला. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि संन्याशानं ती गुपचूप घेतली होती. त्यानं आजीकडे पाहिलं. रुखमाबाई फोनच्या विझलेल्या काचेकडे पाहत बसली होती.

सकाळी ती लवकर उठली. खुराड्यातला सगळ्यांत मोठा कोंबडा तिनं स्वतः धरला, पाय बांधले आणि अतुलला काळीपिवळी काढायला सांगितली. वाटभर ती बोलली नाही. कोंबडाच काय तो अधूनमधून बोलत होता.

जंगू पाटील ओसरीत दोर वळत बसले होते. रुखमाबाईनं कोंबडा त्यांच्या पुढ्यात ठेवला. कशाचा ते तिनं सांगितलं नाही, कारण निवाडा झालेली गोष्ट काढायची नसते. पाटलांनी कोंबड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांनीही विचारलं नाही. दोर बाजूला ठेवून ते उठले आणि खाट झटकून तिला बसायला दिली. ती बसली आणि तिनं पाणी मागितलं.

पाटलांनी स्वतः तांब्या भरून आणला. रुखमाबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला, पहिली धार अंगणातल्या मातीवर सोडली आणि वाकून त्या ओल्या मातीकडे नीट पाहिलं.

"जहर त नाई ना, इवाई?" तिनं व्याह्यांना विचारलं.

"असलं तरी भेव कायचं?" जंगू पाटील पुन्हा दोर हातात घेत म्हणाले. "उद्या उठून बसाल."

रुखमाबाईनं तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.